शिवांगीचा ढेकर

नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात चांगुणाबाईंना ओळखायला चेहरा बघावा लागत नसे. डाव्या खांद्यावर जुन्या लुगड्याचं फडकं दिसलं की त्याच. फडक्याचं कारण कडेवर असायचं, पाच वर्षांची नात शिवांगी. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पोटावर हा एवढा आडवा व्रण राहिला. पण नंतर खाल्लेलं पोटात थांबेना. दूध परत, वरण-भात परत, वर खोकला आणि दर हिवाळ्यात न्यूमोनिया.

चांगुणाबाईंनी यावर स्वतःचं शास्त्र काढलं होतं. चार घास भरवायचे, पोर खांद्यावर उभी धरायची आणि पाठीवर थापा मारायच्या. ढेकर आला की पुढचे चार घास. लग्नाची पंगत उठून जायची, तरी यांच्या थापा चालूच. मी गावची अंगणवाडीताई. दोनदा सल्ला द्यायला गेले आणि दोनदा बोलणी खाऊन आले.

शेवटी पोरीला नांदेडला नेलं, सोबत मीही गेले. तिथल्या डॉक्टर ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून ऑपरेशन करू. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला की अन्न वर येणार नाही. पण आधीच्या ऑपरेशनमुळं आतडी आतून चिकटलेली असणार. ती सुटली तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल."

"पुन्हा फाडणार?" चांगुणाबाईंनी नातीच्या पोटावर हात ठेवला. "लेकरानं एकदा सोसलं, तेच लई झालं, बाई."

शिवांगीच्या आईनं, सुकन्यानं, कशीबशी सही केली. तीन तास चांगुणाबाई माझा हात धरून बसल्या होत्या. माझी बोटं अजून ठणकतात. डॉक्टर बाहेर आल्या त्या हसतच. चिकटलेलं सगळं हळूहळू सोडवलं होतं, पाच बारीक छिद्रांवर भागलं होतं. चांगुणाबाईंनी तिथंच त्यांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तिसऱ्या दिवशी पातळ पेज सुरू झाली. मी आणि सुकन्या गोळ्या आणायला खाली गेलो, तेवढ्यात आजीनं चार चमचे भरवून थापा सुरू केल्या. परत येऊन बघतो तर बाई घामाघूम.

"डाक्टरीणबाईला बलवा! कवाची थापटून राहिले, ढेकरच येईना! आत काहीतरी बिघडलं हाय!"

डॉक्टर धावत आल्या. पोट चाचपलं, मऊ होतं. "आजी, वरची वाटच आवळलीय. आता काही महिने ढेकर सहज यायचा नाही. थोडं थोडं भरवा, पोट फुगलं तर मला सांगा. थापा मात्र बंद."

"मंग पोट भरलं, हे कळावं कसं?"

"तिलाच विचारा की."

पाच वर्षांत हे आजीला सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

दीड महिन्यानं गल्लीत बारसं होतं. शिवांगीनं पंगतीत बसून वाटीभर मऊ वरण-भात सावकाश संपवला. आम्ही सगळ्या टक लावून बघत होतो. काहीही वर आलं नाही. चांगुणाबाईंचा हात सवयीनं तिच्या पाठीकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला.

"भरलं का गं पोट?"

"हाव." पोरीनं जरा विचार केला. "आजी, माझा ढेकर तूच दे."

चांगुणाबाईंनी असा ढेकर दिला की वाढपीसुद्धा थांबले. सगळी पंगत हसली, त्याही हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचं फडकं ओढलं. जेवण उरकलं होतं, तरी फडकं कोरडं होतं.