दहावं नाव

"माजी मी हाय," असं ती म्हणायची आणि दातांनी धागा तोडायची.

कारखान्यात नवीन मुलगी आली की दोन दिवसांत विचारायचीच, "वैनी, तुमच्या घरी कोण कोण असतं?" त्यावर हे ठरलेलं उत्तर. पुढचा प्रश्न विचारायची कोणाची हिंमत होत नसे, कारण तोपर्यंत तिने मान खाली घालून दुसरा शर्ट मांडीवर ओढलेला असायचा.

पनवेलच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर माझा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. ती काज-बटणाला होती. चौदा वर्षं. तुमची मुलं या भागातल्या शाळेत गेली असतील तर त्यांच्या शर्टाची बटणं बहुतेक तिनेच लावलेली असणार. शर्ट विरून जायचा, पण बटण जागचं हलायचं नाही. गिऱ्हाईक मापाबद्दल कुरकुर करू लागलं की ती आतूनच ओरडायची, "एक नंबर मोटा घ्या. पोरं काय इचारून वाडतात?" आणि गिऱ्हाईक मुकाट्याने एक नंबर मोठा घ्यायचं. गिऱ्हाइकं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायची.

तिला सगळे वैनी म्हणायचे. कोणाची वैनी, हे कोणी विचारलं नव्हतं. मला मात्र माहीत होतं, कारण कामाला लागली त्या दिवशीच तिने मला सांगून टाकलं होतं. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तो दुसरीकडे राहायला गेला. भांडण नाही, घटस्फोट नाही, कागद नाही. ती उरणच्या बाजूला भावाच्या घरी राहायला आली आणि चुलीजवळच्या बोळात अंथरूण टाकून झोपू लागली. तिथून रोज एसटीने पनवेलला.

तिची खरी मैत्री आमच्या कटिंग मास्टर बिल्कीसशी. बिल्कीसच्या डब्यातली तांदळाची भाकरी हिला, हिच्या डब्यातला सुका जवळा बिल्कीसला. दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत डबा चाटूनपुसून खायच्या.

सरकारने बायकांना दर महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा तिनेही अर्ज भरला. पैसे येऊ लागले. चार-पाच महिने ती त्याबद्दल काही बोलली नाही. मग एका सोमवारी कामाला आली आणि म्हणाली, "ताई, मी ओव्याला खोली घेतली."

पगारात बसत नव्हती, पण त्या पैशांमुळे बसली. ओवे गावातली, एका चाळीच्या टोकाची, दहा बाय दहाची खोली. मी आणि बिल्कीस बघायला गेलो. खोलीत एक स्टोव्ह, एक चटई, दोन भांडी. तिने आम्हाला ते काही दाखवलं नाही. तिने दार लावून दाखवलं.

"आतून कडी हाय," ती म्हणाली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पन्नाशीला आलेली बाई, पण चेहरा असा की मला आणि बिल्कीसला एकमेकींकडे बघवेना.

वर्षभर ती त्या कडीवर सुखात होती. मग नियम बदलला. पैसे घेणाऱ्या प्रत्येक बाईने मोबाइलवर पुन्हा ओळख पटवायची. जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या फोनवर तिचा फॉर्म उघडला. तिचा आधार नंबर टाकला, कोड आला, तोही टाकला. पुढचा चौकोन आला. पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर.

वडील आधार कार्ड निघायच्या आधीच गेलेले. राहिला पती. मी मागे गेले, पुढे आले, सगळं दाबून पाहिलं. तो चौकोन रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"तितं लिवा ना, माजी मी हाय," ती म्हणाली. आम्ही हसलो. फॉर्म तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी हयातीचा दाखला दिला. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत रांग लावायचे. आता घरच्या सोफ्यावर बसून मोबाइलसमोर चेहरा धरला, दोनदा डोळे मिटले, झालं. "पटलं बरं का सरकारला, मी जिवंत आहे," म्हणाले आणि चहा मागितला. त्याच वर्षी आयकराची मर्यादा वाढली होती आणि आमच्या घरातला कर शून्यावर आला होता. पेढेही आणले होते. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांचा चेहरा पुरला, एवढंच सांगते.

अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात तिला सल्ला मिळाला, नवरा मेला असं दाखवा, दाखल्याचं बघू. ती तिथून तडक कारखान्यात आली.

"जित्या माणसाला मारू? माज्या हातानं?"

बिल्कीस कात्री खाली ठेवून म्हणाली, "तलाक झाला असता तर निदान एक कागद असता हातात. हे काय, ना इधर ना उधर."

शेवटी एका रविवारी मीच तिला गाडीत घातलं. नवरा द्रोणागिरीला राहतो हे तिला माहीत होतं, पत्ता भावाने शोधून दिला. गोदामांच्या मागे, उभ्या ट्रेलरांच्या रांगेपलीकडे पत्र्याच्या खोल्या होत्या. बनियन घातलेला, केस पांढरे झालेला माणूस दारात खुर्ची टाकून मोबाइल बघत होता.

त्याने मान वर केली. "कोण पायजे?"

मीच तिचं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मग व्यवहाराला लागला.

"नंबर देतो. कोडपन सांगतो. पन निम्मे पैसे माजे. दर महिन्याला."

तेवढ्यात आतून एक बाई आली. तिची बोटं पांढरी पडलेली, टोकांशी सालटं निघालेली. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात तसे होतात. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याशी नाही, आमच्याशी बोलली.

"ताई, ह्यांचा नंबर मी माज्या फॉर्मला दिलाय. एका मानसाच्या नावावर दोन बायका दिसल्या तर माजंबी बंद होईल. घरात तेच येतं. हा कामाला जात नाय."

मी कायद्याचं बोलायला तोंड उघडलं. लग्नाची बायको ही आहे, हक्क हिचा आहे, वगैरे. वैनीने माझा हात दाबला. ती त्या बाईच्या बोटांकडे बघत होती.

"किती वर्सं सोलतेस?"

"अकरा."

"आग होते?"

"मीठ लागलं की होते."

"कामाला जायच्या आदी खोबऱ्याचं तेल चोळ. मंग पानी आत शिरत नाय." मग ती त्याच्याकडे वळली. "नंबर ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तुजं नाव मी इतकी वर्सं कुटं लावलं नाय. आता निम्म्या पैशाला लावू?"

परतताना गाडीत मला तिचा अभिमान वाटत होता. मी काहीतरी म्हणालेसुद्धा, बरं सुनावलंत त्याला वगैरे. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "मना वळखला नाय त्यानं."

पुढच्या हप्त्यापासून पैसे बंद झाले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या रजिस्टरवर नऊ नावं आहेत. कामाला माणसं दहा होती. दहावी ती. माझ्या कर सल्लागाराने फार पूर्वी समजावलं होतं, मॅडम, दहाचा आकडा झाला की कायद्यांची रांग लागते, एकीला बाहेर ठेवा. जी कधी काही मागत नव्हती, तिला मी बाहेर ठेवलं. तिला पगार हातात मिळायचा, पावतीशिवाय, रजिस्टरवरच्या बायकांपेक्षा थोडा कमी.

दोन महिने तिने खोली धरून ठेवली. दुपारचा चहा सोडला, नंतर डब्यात जवळाही दिसेना. मग एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, मना रजिस्टरवर घ्या. त्या पोरींना देता तेवडा पगार द्या, बास. खोली सुटंल नायतर."

मी सल्लागाराला फोन केला. तो हसला. म्हणाला, "आता तर अजिबात नको. नवे कामगार कायदे आलेत. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं, ग्रॅच्युइटीचं बघायचं. जुन्या माणसाला आत घेतलंत की मागचं सगळं उकरलं जाईल."

मी तिला म्हटलं, "शाळा सुरू होऊ देत, बघू." आणि पगारात तीनशे रुपये वाढवले.

"बरं," ती म्हणाली.

आमच्या घरात त्या वर्षी जेवढा कर वाचला, त्यात तिच्या खोलीचं वर्षभराचं भाडं निघालं असतं आणि वर उरलं असतं. हा हिशेब मी केला, पण ती काम सोडून गेल्यावर केला. त्याआधी तो करायचं मला सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, ते तुम्हीच ठरवा.

तिने खोली सोडली. सामान भावाकडे परत गेलं आणि तीही त्या बोळात. द्रोणागिरीच्या एका गोदामात खोकी भरायचं काम होतं, दिवसभर उभ्याने, पण ठेकेदार पहिल्या दिवसापासून रजिस्टरवर नाव लावणार होता. त्याला फक्त आधी कुठे काम केलं त्याची चिठ्ठी हवी होती.

"एवडी चिट्टी द्या ताई. चौदा वर्सं काजं केली म्हनून."

मी सल्लागाराला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "लेटरहेडवर चौदा वर्षं लिहून दिलीत तर उद्या तोच कागद घेऊन कोणीतरी दारात येईल."

मी कोरा कागद घेतला. लिहिलं, 'या बाईंना मी ओळखते. त्या प्रामाणिक व कष्टाळू आहेत.' खाली सही केली. कारखान्याचं नाव नाही, वर्षं नाहीत, कामसुद्धा नाही.

ती चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून तिने कागद सावकाश वाचला. संपल्यावर उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

"चौदा वर्सं कुटं लिवलीत?"

"तसं लिहायची पद्धत नसते," मी म्हणाले.

बिल्कीसची कात्री थांबली. मशीनवरच्या मुलीही थांबल्या असाव्यात, कारण मला खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

तिने कागदाची घडी घातली आणि आधार कार्ड ठेवायची तिची प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात सरकवली. माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अक्षर चांगलं हाय तुमचं, ताई."

बिल्कीस तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली गेली. मी वरच राहिले.