मेजरांच्या गाडीचा हीटर

"आधी थंड हूं द्या," हे मेजरांचं पालुपद होतं. तापलेलं इंजिन असो, चहा असो, नाहीतर दोन भावांचं बांधावरून पेटलेलं भांडण असो, मेजर उजवा तळहात खाली करून हवेतच काहीतरी दाबल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "आधी थंड हूं द्या. मग बघू."

खरं तर ते सैन्यात ड्रायव्हर होते. पण आमच्या कडेगावकडे पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, त्याला कुणी पुरावा मागत नाही. तुमच्या गल्लीतही असा एक असेलच. आमचे मेजर माझ्या शेजारी राहायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'बाई'. रविवारी सकाळी मी डोक्याला तेल लावून बसले की हमखास कुंपणावरून हाक यायची, "बाई, जरा उजेड धरता का?" मग मी टॉर्च घेऊन उभी आणि मेजर त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गडप.

एका दिवाळीनंतर त्या गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरपर्यंत नेणारे दोन रबरी पाइप असतात. ते जुने होऊन तडकले होते. गॅरेजवाला म्हणाला, "मेजर, हीटर बायपास करून टाकू. कडेगावात कुणाला लागतोय हीटर? हितं पंखा पुरंना." त्याचंही चुकत नव्हतं. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांचे हीटर असेच तोडून टाकलेले असतात.

"न्हाई," मेजर म्हणाले. "हिला मेढ्याला न्यायचं हाय."

'ही' म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकी. काकींना सांधेवात. त्यांची थोरली बहीण साताऱ्यापलीकडच्या डोंगरात, मेढ्याला अंथरुणाला खिळलेली. दर हिवाळ्यात मेजर काकींना तिच्याकडे न्यायचे, तेही फौजी शिस्तीनं पहाटे निघून. गार वारं लागलं की काकींचे पाय असे धरायचे की गाडीतून उतरणंही होईना. हीटर गेला असता तर काकींची बहीण तुटली असती, इतकं ते साधं होतं.

मेजरांनी पाइप बदलले, पण पहिल्यांदा बदलले ते आपल्या ऊसवाल्यांच्या पद्धतीनं. आपल्याकडे पाइप म्हणजे पाइप. जाडी जुळली की झालं. त्यांनी फवारणीच्या पंपाची नळी कापून बसवली. मेढ्याच्या अलीकडच्या चढावर ती गरम पाण्यानं मऊ पडली आणि फुटली. काकी गोधडी लपेटून रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. बॉनेटमधून वाफ येत होती. मेजरांनी तळहात खाली केला. "आधी थंड हूं द्या."

"आवं, मी झालेय की थंड!" काकी ओरडल्या. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघंही सांगताना हसले.

मग मात्र मेजर जुने पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून सांगलीला गेले आणि तशाच वळणाचे नवे पाइप घेऊन आले. त्या रविवारी उजेड मीच धरला. चिकटून बसलेला जुना पाइप त्यांनी पिळला नाही, ब्लेडनं उभा चिरून अलगद सोलला. नव्याला आतून साबणाचं पाणी लावून तो सरकवला, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. इंजिन सुरू करून हीटरवर हात धरून बसले. ऊब आली तेव्हा त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. त्यांचं लक्ष मेजरांच्या पायांकडे गेलं. एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्यात काळा.

"आवं, ह्याचा जोड कुठं घालवलात? लोकरीचा चांगला मोजा!"

"सापडंल गं. आधी चहा थंड हूं दे."

पुढचे हिवाळे हीटर नीट चालला. काकी मेढ्याला जाऊन यायच्या आणि आठवडाभर बहिणीचंच बोलायच्या.

मेजर उन्हाळ्यात गेले. दुपारचा चहा थंड व्हायला ठेवला होता, तो तसाच राहिला. मला अजूनही रविवारी सकाळी कुंपणाकडे बघवत नाही.

यंदा काकींना मेढ्याला मी घेऊन गेले, त्याच गाडीतून. सातारा मागे पडल्यावर काकी म्हणाल्या, "बाई, हीटर लावा." लावला. त्यांचे पाय शेकले, पण माझे काकडून गेले. म्हटलं, माझ्याच बाजूला काय बिघडलं? गाडी कडेला घेतली, वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. माझ्या बाजूला जिथून वारं येतं तिथं काहीतरी ठासून भरलं होतं. ओढून काढलं, तर हिरवा लोकरी मोजा.

काकींनी तो हातात घेतला. धूळ झटकली.

"ह्योच की. ह्याच्यापायी किती बोलले मी त्यास्नी." त्यांनी मोजा मांडीवर सरळ केला. "दर साली इचारायचे मी, तुमच्याकडं येती का ऊब? म्हनायचे, लय येती."

मी गाडी सुरू केली. माझ्याही पायांशी ऊब यायला लागली. मेढा येईपर्यंत काकी त्या मोज्यात हात घालून बसल्या होत्या.