सेविल खानुमची चौथी ओळ

"घरची आठवण येतेय," असं कुणी म्हटलं की सेविल खानुम चहाचा पेला टेबलावर आपटायच्या. "विमानाचं तिकीट मिळतं ना? मग रडू नकोस!" सिंगापूरमध्ये, चोआ चू कांगला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या आपल्या मुलीकडे राहायच्या. मूळच्या अझरबैजानच्या; खानुम म्हणजे तिकडचं 'बाई'. युद्धात काराबाखमधलं गाव सुटलं, तेव्हा आईचा हात धरून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या. मी दर दिवाळीला पुण्याला जाऊन येणारी. माझ्या उसाशांची त्यांना चीडच यायची.

त्यांच्या आईने त्यांना एक बयाती दिली होती. बयाती म्हणजे त्यांच्याकडची चार ओळींची लोककविता. तीन ओळी नुसती तयारी करतात, खरं काय ते चौथीत येतं. खानुम तीनच म्हणायच्या:

अंगणात डाळिंब फुललं,
पाणी कुणी त्याला घातलं?
मी डोंगर ओलांडून आले...

"चौथी आमच्या उंबऱ्यावर म्हणायची. मरताना आईने शब्द घेतलाय."

मला अवदसा आठवली आणि मराठी मंडळींच्या काव्यसंध्येला मी त्यांना आग्रहाने नेलं. "आमच्या लोकांना कविता कळते," असंही वर ऐकवलं. तीन ओळी आणि मी सांगितलेला त्यांचा मराठी अर्थ झाला मात्र, मागून एक बँकवाले काका ओरडले, "क्या बात है! वन्स मोअर!" मग सगळेच सुरू झाले. कुणी तरी चौथी ओळ मागितली.

खानुमनी माईक ठेवून दिला. "पुन्हा? तुमच्यासाठी घर पुन्हा सोडू का?"

"बाई तापट दिसतेय," काका म्हणाले आणि सामोशाकडे वळले. मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त माझा आला, कारण पहिली टाळी मीच वाजवली होती.

दोन महिने खानुम माझ्याशी बोलल्या नाहीत. मग, काराबाख परत अझरबैजानच्या हाती आल्यावर, सरकारकडून गावी जायची परवानगी आली, आणि निघताना त्यांनी माझं दार वाजवलं. "तिकीट मिळालं," एवढंच म्हणाल्या.

आठवड्याने व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे नुसतं गवत होतं.

"म्हटलीत का चौथी ओळ?"

"कुठे उभी राहून म्हणू?" त्या किंचाळल्या. "उंबरा दाखव मला! भिंतीचे दगडसुद्धा उपटून नेलेत!" फोन बंद झाला. त्या परत आल्या नाहीत. मुलगी सांगते, तिथेच जवळच्या गावात खोली घेऊन राहिल्यात आणि रोज त्या गवतात जाऊन उंबरा शोधतात.

या दिवाळीला पुण्यात आईने दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले.

"अगं, आत ये ना. अशी का उभी?"

आमचा उंबरा जागच्या जागी होता. मला नुसता राग राग येत होता.