प्रज्ञाच्या नावातलं ‘जे’

“बिराजदार मॅडम, ती इस्लापूरची मुलगी आलीय ना, तिच्या कागदांत त्रुटी दाखवा. उद्या या म्हणावं.”

हे सांगत होते आमच्या संस्थेचे सचिव. लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी तेव्हा प्रवेश विभागाची हेडक्लार्क होते. दुपारचे चार वाजले होते. आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये होतो आणि प्राचार्य सर शेजारी बसून पेपरवेटकडं बघत होते.

‘उद्या या’ म्हणण्यात काय मेख होती, ते बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. सीईटीच्या मार्कांवर सरकारी यादी लागते, तिला कॅप राउंड म्हणतात. यादीत नाव आलं की मुलांनी कॉलेजात येऊन मूळ कागद दाखवायचे आणि आम्ही पोर्टलवर प्रवेश पक्का करायचा. हे रिपोर्टिंग. त्या दिवशी शेवटच्या राउंडचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता पोर्टल बंद. पाचच्या आत बटण दाबलं नाही, तर मूल आलंच नाही असं धरतात. मग ती रिकामी जागा संस्था स्तरावर येते, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं. तिथंही मेरिटच लावायचं असतं. कागदावर.

ही जागा कुणासाठी हवी होती, तेही ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. नांदेडचे एक कंत्राटदार सकाळपासून लेकीला घेऊन सचिवांच्या केबिनमध्ये बसले होते.

“तशीही कोट्यातली सीट हाय,” सचिव म्हणाले. “तिला दुसरीकडं मिळून जाईल.”

“ओपनची आहे सर. ओपनच्या मेरिटवर लागलाय नंबर.”

कोट्यातली असती, तरी ती तिचीच जागा होती. तेही बोलायला हवं होतं. तेवढं त्या वेळी सुचलं नाही.

मी बाहेर आले. बाकावर प्रज्ञा आणि तिची आई बसल्या होत्या. प्रज्ञा किनवटच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. मांडीवर फाइल, आणि फाइलवर दोन्ही हात घट्ट. आई गावाकडं मजुरीला जायची. दोघी पहाटे निघून नांदेडवरून एस.टी.नं आल्या होत्या.

आई उठून उभी राहिली. “मॅडम, एक वाजल्यापासून बसून राहिलो आम्ही. मागून आलेल्यांचं झालं. आमचं नावच घेऊन न्हाई राहिले. कागद कमी असंल तर तसं सांगा, बसवून नका ठेवू.”

“दाखव गं फाइल,” मी म्हटलं.

कागद चोख होते. फरक एकच. मार्कशीटवर प्रज्ञाच्या इंग्रजी नावात ‘डी’ होता आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जे’. प्रज्ञा हे नाव इंग्रजीत जितकी माणसं तितक्या परींनी लिहितात.

सचिव माझ्या मागोमाग आलेच. त्यांनी दाखला उचलला. “हे बघा, नाव जुळत नाही. दुरुस्त करून आणा. उद्या या.”

प्रज्ञाचा चेहरा उतरला. पण ती बोलली. “सर, पोर्टल आज पाचला बंद होतंय. उद्या आल्यावर माझी जागा राहील का?”

मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधून त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढली. स्पेलिंगमध्ये किरकोळ फरक असेल तर हमीपत्र घेऊन प्रवेश द्यावा, असा त्यात स्पष्ट नियम होता. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला.

“मॅडम, मी सांगतोय ते करा.”

“करते सर. लेखी द्या. नियम असूनही प्रवेश नाकारावा, असं लिहून सही करा. मी तो कागद यांच्या फाइलला लावते.”

बाकावरच्या इतर पालकांनी माना वर केल्या. सचिव पाय आपटत आपल्या केबिनमध्ये गेले. मी प्रज्ञाला कोरा कागद दिला आणि हमीपत्राचा मजकूर सांगू लागले. तिची सही होते न होते, तोच कॉम्प्युटरवरचं नेट गेलं. वीज होती, पंखे चालू होते. राउटर होता सचिवांच्या केबिनमध्ये.

चार पस्तीस झाले होते. आता मात्र माझं डोकं तापलं. मी मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू केलं. लॉगिन कॉलेजचं असलं तरी ओटीपी माझ्याच मोबाईलवर यायचा. पोर्टल शेवटच्या दिवशी रांगतं, तसं ते रांगत होतं. प्रज्ञाची आई माझ्या खुर्चीमागं उभी होती. तिला स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं, पण ती हलली नाही.

चार एक्कावन्नला प्रवेश पक्का झाला.

पावतीवर प्राचार्यांची सही लागते. मी प्रिंट घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. सचिवही तिथं येऊन समोरच बसले होते. प्राचार्य सरांनी कुणाकडंही न बघता पेन काढला आणि सही केली. मी त्यांना भित्रे समजत होते. त्या दिवसापासून तसं समजणं सोडलं.

“झालं?” बाहेर आल्यावर आईनं विचारलं.

“झालं. आता कुणी हटवू शकत नाही.”

तिनं पावती लेकीच्या हातातून घेतली, उलटसुलट बघितली आणि परत दिली. “नीट ठेव,” एवढंच म्हणाली.

आठ दिवसांनी मला मेमो आला : ‘कार्यालयीन कामासाठी विनापरवानगी खाजगी इंटरनेट वापरले, खुलासा करावा.’ मी खुलासा दिला : ‘कार्यालयाचे इंटरनेट बंद होते व मुदत पाचपर्यंत होती. पुन्हा अशी वेळ आल्यास पुन्हा असेच करीन.’ पुढच्या महिन्यात माझी बदली जुन्या रेकॉर्डच्या खोलीत झाली. तिथं धूळ फार आहे, पण पंखा चांगला आहे.

प्रज्ञा आता तिसऱ्या वर्षाला आहे. एका विषयात राहिली होती, तोही काढला.

त्या दिवशी मोठं धाडस केलं, असं सहकारी म्हणतात. मला आठवतात ती ओटीपी टाकताना घामेजलेली माझी बोटं आणि पुस्तिकेतला एक नियम. प्रवेश विभागाच्या खुर्चीवर नव्यानं बसणाऱ्यांना मी एवढंच सांगते, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून ठेवा. समोर दम देणाऱ्यानं ती वाचलेली नसते.