सासऱ्यांची ठासणीची बंदूक

माझ्या सासऱ्यांची बंदूक मी बिघडवली. तसं बघायला गेलं तर ती मी सुधारली होती. आधी तिचा एखादा बार चुकायचा, मी हात लावल्यावर एकही चुकला नाही. पण घरात तिचा विषय निघाला की आजही मी उठतो आणि चहाची किटली लावायला जातो.

सासरे साठच्या दशकात कोल्हापूरहून कॉव्हेंट्रीला आले ते लेथ चालवायला. मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. इंग्रजांचं त्यांनी फारसं काही उचललं नाही. चहा आपलाच, आमटी-भात आपलाच, क्रिकेटमध्ये पक्षही आपलाच. एकच नाद लागला, आणि तोही एका फोरमनमुळे. गावाबाहेर एका जुन्या खाणीत काळ्या दारूच्या बंदुकांचा क्लब होता. फोरमनने त्यांना एकदा तिथे नेलं, आणि मग ते दर रविवारी जात राहिले. फोरमन वारला, कारखाना बंद पडला, सासूबाई गेल्या, तरी रविवार चुकला नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून दारू ओतायची आणि वरून कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची. मागच्या बाजूला, घोड्याखाली, एक पोकळ स्क्रूसारखा तुकडा असतो. आम्ही दोघं त्याला बोंड म्हणायचो. त्यावर तुरीच्या दाण्याएवढी तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोंडातल्या सुईएवढ्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. सासरे नेमाधर्माचे. गोळी भरण्याआधी नुसती टोपी उडवायचे आणि नळीच्या तोंडासमोरचं गवताचं पातं हललं का ते बघायचे. हललं म्हणजे वाट मोकळी. खिशातल्या डबीत बोंड साफ करायची एक बारीक तार कायम असायची.

मी पुण्याचा, वर्क परमिटवर आलेला मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्या मुलीशी लग्न करून त्यांच्याच घरापासून दोन रस्ते सोडून राहायला लागलो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत माझं काम दोष शोधण्याचं होतं. पार्ट का मोडला? मग ते का झालं? असं पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं. या विद्येचा मला फार माज होता. घरातला टोस्टर बिघडला तरी मी पाच वेळा 'का' विचारायचो. सासरे ऐकून घ्यायचे. जावई हा दहावा ग्रह, असं ते हसत म्हणायचे; पण जावयाचा शब्द मोडायचा नाही हा त्यांच्या घरचा रिवाज होता आणि तो त्यांनी इतक्या लांब येऊनही जपला होता. मी त्यांचा मुलगा असतो तर त्यांनी मला केव्हाच गप्प बसवलं असतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी म्हटलं, आपण हत्यारांची पूजा करू. आमच्याकडे पुण्याला वडील पान्हे, पक्कड, शिवणाचं मशीन, सगळं पाटावर मांडायचे. सासऱ्यांनी हे कॉव्हेंट्रीत कधी केलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कार्डिगनवर टाय बांधला. पोलादी कपाटाचं कुलूप काढून बंदूक आणली आणि सासूबाईंच्या शालीवर ठेवली. बाजूला मायक्रोमीटर, कानस, लेथच्या किल्ल्या मांडल्या. हळद-कुंकू मी लावलं. बोटं पाण्यात बुडवून सढळ हाताने लावलं, दस्त्याला, नळीला, घोड्याला आणि घोड्याखालच्या बोंडालाही. वर अक्षता टाकल्या. सासरे लगेच फडकं घेऊन पुढे आले, तर मी म्हटलं, "बाबा, आज पुसायचं नाही. पूजेतलं हत्यार आज तसंच राहतं." त्यांनी फडकं खाली ठेवलं. बंदूक हळद-कुंकवासकट कपाटात गेली.

त्याच रविवारी क्लबात शरदातला सामना होता. जुन्या, टोपीच्या बंदुकांचाच. त्यात दोनदा ते दुसरे आले होते. या वर्षी नेम चांगला बसतोय, एकदा पहिलं यावं आणि मग थांबावं, असं त्यांनी मला बोलून दाखवलं होतं. मी गाडी घेऊन त्यांच्या घरी अर्धा तास उशिरा पोचलो. त्यांनी बंदूक वरवर पुसली होती, बाकीचं आवरत होते. मी दारातूनच हॉर्न वाजवत राहिलो. त्या गडबडीत तारेची डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिली. खाणीत पोचलो तेव्हा त्यांच्या नावाचा पुकारा झाला होता. गवताचं पातं बघायला वेळ नव्हता.

पहिली टोपी फुटली, बार उडाला नाही. नियमाप्रमाणे नळी समोर रोखून थांबायचं, मग दुसरी टोपी. तीही नुसतीच फुटली. तिसरी टोपी त्यांच्या बोटांतून निसटून ओल्या गवतात पडली. मागे उभे असलेले लोक उगाच आपापल्या डोक्यावरच्या चपट्या टोप्यांशी खेळायला लागले. चौथीलाही काही झालं नाही, तेव्हा क्लबाच्या कॅप्टनने हात वर केला, बंदूक ताब्यात घेऊन सुरक्षितपणे रिकामी केली, आणि सासरे सामन्यातून बाद झाले. परत येताना ते गाडीत आपल्या बोटांकडे बघत होते. टोपी नीट बसली नसावी, म्हणाले. बोटांना आता कळत नाही, म्हणाले.

मला त्यांचं वाईट वाटलं, हे अगदी खरं आहे. पण वाईट वाटलं की मी काहीतरी दुरुस्त करायला घेतो. घरी पोचेपर्यंत मी निदान करून टाकलं होतं. ही रचनाच दीडशे वर्षांपूर्वीची, दमट हवेत चालायची नाही, आणि म्हाताऱ्या बोटांना त्या टोप्या पेलवत नाहीत. उपाय तयार होता. जुन्या बंदुकांना बोंड काढून त्या जागी आधुनिक काडतुसाचा प्रायमर, म्हणजे त्याच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली, बसेल असा पोलादी जोड मिळायचा. प्रायमर मोठा, बोटात धरायला सोपा, ठिणगी कितीतरी जोरदार. मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती इथेच जन्मलेली, मराठीतली तिन्ही लिंगं तिला सारखीच. ती म्हणाली, "तू बाबाला विचारलास का? ते बंदूक त्याचा आहे, तुझं फॅक्टरीचं मशीन नाही."

मी विचारलं. म्हणजे सांगितलं. सासरे म्हणाले, "तुम्ही म्हणता तर करू या."

परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळे काम त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये, त्यांच्या समोर. शनिवारी सकाळी मी बंदूक व्हाइसच्या पकडीत आवळली आणि बोंड काढलं. ते तपकिरी कोट घालून शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "आतून बघितलंत का?"

मी म्हणालो, "त्यात बघायचं काय, बाबा. जुनं झालंय." आणि ते बोंड तंबाखूच्या रिकाम्या डब्यात टाकलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जोडाचे आटे जुन्या जागेत बसेनात. मग ती जागा मोठी करून नवे आटे पाडले. म्हणजे परतीची वाट बंद झाली. जुनं बोंड आता तिथे कधीच बसणार नव्हतं. हे मला कळत होतं, आणि मी पुढे गेलो. घोड्याचं तोंड टोपीसाठी खोलगट होतं, ते घासून सपाट केलं. तरी घोडा मधोमध पडेना. प्रायमरला कडेला नुसता पोचा यायचा. चार शनिवार मी जोड काढतोय, घालतोय, काजळी लावून घोडा कुठे टेकतो ते बघतोय. शेवटी लक्षात आलं की मध्ये वॉशरसारखी एक कडी हवी, कागदापेक्षा थोडी जाड. मी कॅल्क्युलेटर शोधत होतो तोवर सासऱ्यांनी लेथ सुरू केला. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून, अंगठ्याने हळूच पुढे सारत त्यांनी ती कडी कातली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पहिल्याच खेपेला बसली. घोडा बरोब्बर मधे पडला. ज्या माणसाच्या बोटांना टोपी बसवता येत नाही, त्याच्या बोटांनी ही कडी कशी कातली? माझ्या सगळ्या शिक्षणात विचारण्यासारखा तो एकच 'का' होता. तो मी विचारला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी कॉव्हेंट्रीपर्यंत आणला होता.

नळीच्या मागच्या भागाला हात लावल्यामुळे बंदूक बर्मिंगहॅमला तपासणीसाठी पाठवून शिक्का मारून आणली. मग खाणीत नेली. वीस बार काढले, वीसही उडाले. मी कॅप्टनकडे बघून हसलो. कॅप्टन सभ्य माणूस. त्याने काम बारकाईने बघितलं, "लव्हली जॉब" म्हणाला, आणि मग सासऱ्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाला की आता ही टोपीच्या वर्गात बसत नाही, माफ करा. नव्या वर्गात नेमबाजी करता येईल. नव्या वर्गात तरुण मुलं होती, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्यांच्या, दुर्बिणी लावलेल्या बंदुका घेऊन. सासरे त्यांच्यात एक रविवार उभे राहिले. पुढच्या रविवारी गुडघा दुखतोय म्हणाले. नियम आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. ठाऊक असणारच. जावयाला तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं, इतकंच.

पुढच्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं, त्यांनी फॉर्म भरला नाही. बंदूक एका डीलरकडे गेली. लेथवर त्यांनी चादर घातली. कप हातातून सुटला, शर्टाचं बटण लागलं नाही, की म्हणायचे, हात गेले माझे. आणि मी, जवळच बसलेला, म्हणायचो, बाबा, वय झालं, चालायचंच.

त्याच वर्षी दसरा आला. पूजेला ठेवायला हत्यारं आणावीत म्हणून मी शेडमध्ये गेलो आणि तंबाखूचा तो डबा हाताला लागला. बोंड उचलून मी सहज खिडकीकडे धरलं. उजेड पलीकडे येत नव्हता. तिथल्याच टेबलावर तारेची डबी होती. तार घातली, जरा जोर लावला, आणि भोकातून तांबडा-पिवळा कडक खडा बाहेर पडला. त्यात तांदळाचा अर्धा कण अडकला होता.

तो मी तळहातावर घेतला. हळद-कुंकू माझं, अक्षता माझ्या, पुसू नका म्हणणारा मी, हॉर्न वाजवणारा मी, आत बघायचं काय म्हणणाराही मीच. सासरे घरात पेपर वाचत होते. दहा पावलं चालून सांगायचं होतं. मी बोंड नळाखाली धुतलं, तो खडा मोरीतून जाऊ दिला आणि डबा परत फळीवर ठेवला. पूजेत त्या वर्षी मी हळद-कुंकू कोरड्या बोटांनी लावलं.

सांगेन, सांगेन करत दोन वर्षं गेली. त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला. एका दुपारी बायको औषधं आणायला गेली होती आणि मी त्यांना संत्रं सोलून देत होतो. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"जावईबापू, तुम्ही दोष शोधणारे," ते म्हणाले. "खरं सांगा. त्या दिवशी सामन्यात माझाच हात चुकला होता ना?"

एक वाक्य पुरलं असतं. संत्र्याची फोड माझ्या हातात होती. मी म्हणालो, "हो बाबा. थोडासा."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं विचारलं," म्हणाले. "मी उगाच मनात बंदुकीला दोष देत होतो." आणि त्यांनी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.