करडाची मात्रा

शेळ्यांना जंताचं औषध पाजताना मी आधी करडू हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे. बोकडाची मात्रा करडाला द्यायची नसते, एवढी अक्कल मला होती. फक्त ती मी गोठ्यातच ठेवून बाहेर पडायचे.

माझं सहा वर्षांचं पोरगं एकदा हळदीच्या पोत्यांवरून पडलं आणि डोक्याला टेंगूळ आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "उलटी नाही, भोवळ नाही. चार तास नजरेखाली ठेवू. सीटी स्कॅनचे किरण वाढत्या अंगाला जास्त बाधतात, उगं कशाला?" पण मी पडले मोठी शहाणी! "मग मशीन काहून मांडून ठेवलंय, हळदीकुंकू वाहायला?" असं भांडून चिठ्ठी लिहून घेतली.

मशीनवाल्याने वय विचारलं. लहान लेकरासाठी किरण कमी सोडतात, हे मी दारातच ऐकलं होतं. किरण कमी म्हणजे फोटो अर्धवट, असं माझं गणित. मी ठणकावून सांगितलं, "दहा!"

त्याने पोराला टेबलावर ठेवायला उचललं आणि हातातच जरा तोललं, अगदी मी करडू तोलायचे तसं. "मावशी, खरं वय सांगा. हे दहाचं न्हाई."

मी खाली बघत म्हटलं, "सहा." फोटोत काहीच निघालं नाही.

परवा त्याच पोराच्या लेकीला टेंगूळ आलं, तर हा स्कॅन, स्कॅन करून राहिला. मी म्हटलं, "आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐक. आन कोणी वय विचारलं, तर आईवर जाऊ नको."