झिऱ्याच्या वरच्या अंगाले

कॅम्पातले किस्से म्हंजे चुलीतली राख. सकाळी उचलून फेकली तरी सांजच्याले तेवढीच जमते! चार दोस्त बसले की म्हणतेत, "दौलतभाऊ, जंगलातलं सांगा ना काही." मी सांगतो. ते हासतेत, मीबी हासतो. पण घरी जाऊन खाटेवर पडलो की तोंड लपवाची पाळी येते. कारण काय, का यातल्या एकाबी किश्शात मी चांगला माणूस नाई.

मी चौथी शिकलेला. डोक्श्यानं गरम. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. रस्त्याच्या सर्वेत खलाशी म्हणून लागलो. तंबू ठोकाचे, मोजणीची साखळी ओढाची, पाणी भराचं. भामरागडच्या अलीकडं नदीच्या काठी आमचा कॅम्प पडला. सर्वेअर साहेब, देवाजी आचारी, साखळीवाला सुखदेव अन् मी.

कॅम्पात मोरी नाई, संडास नाई, नळ तं सपनातबी नाई. नदी आटलेली. रेतीतून बोटभर धार वाहे, बस. आमच्या खालच्या अंगाले माडिया लोकांचा पाडा, आठ घरं. पाड्यातल्या बाया रेतीत हातभर खड्डा खंदत, त्यात पाणी झिरपून जमे. तो झिरा. पाडा तेच पाणी पेत होता, आम्हीबी तेच भरत होतो. दुसरं पाणी सहा मैलावर. झिरा गेला म्हंजे सगळंच गेलं, एवढं तं चौथी शिकलेल्यालेबी समजते.

समजते म्हणतो जी मी. वागलो तसा नाई.

*

पहिल्याच दिवशी सकाळी साहेब टॉवेल खांद्यावर टाकून, पायात स्लीपर घालून तंबूभोवती तीन चकरा मारून आले. पुण्याकडचा माणूस. हळूच मले विचारते, "दौलत, व्यवस्था कुठं आहे?"

"कायची व्यवस्था जी?"

"अरे ती... सकाळची."

मी हात पसरला. "इथून त्या पहाडापर्यंत हाये साहेब! जिथी बसान तिथी!"

देवाजी हासला, सुखदेव हासला. मले चेव आला. म्हणलं, "त्या मोहाखाली जा जी, साफ जागा हाये." डालड्याचा डब्बा भरून हातात देला अन् धाडलं.

आता मोहफुलं पडाचे दिवस. दिस उगवायच्या आंधी मोहाखाली कोण येते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंबी सांगते.

दहा मिनिटांत साहेब पळत आले. एका पायात स्लीपर, हातात काहीच नाई.

"अस्वल! अस्वल आहे तिथं!"

म्हणलं, "अन् डब्बा कुठी हाये?"

साहेब धापा टाकत म्हणे, "त्याला दिला!"

मी रेतीत लोळून हासलो. पण अस्वल माणसाचं तोंड फाडते हो. आमच्या गावात एकाचं फाडलेलं मी पाहलं होतं. मुद्दाम धाडलं होतं, हे साहेबाले मी कधीच सांगितलं नाई.

*

त्यानंतर डब्बे दोनच राहले. एक चहाच्या पाण्याचा, एक तिकडं न्याचा. दोन्ही डालड्याचे, जुळ्या भावावानी. मंग मीच कायदा केला, ज्याले तारेची कडी तो चहाचा. बिनकडीचा तिकडचा. कायदा पक्का! देवाजीले दम देला, "चुकलास तं बुढा म्हणून सोडणार नाई."

एक दिवस मले तिकडं जाची घाई. बिनकडीचा डब्बा हातातून घसरे. मले आला राग. चहाच्या डब्ब्याची तार ओढून काढली, याले लावली अन् गेलो. वापस आलो, डब्बा ठेवला, तार काढाची भुललो.

साखळीच्या कामावरून परत आलो तं चुलीवर चहा उकळून राह्यला होता. कडीवाल्या डब्ब्यात.

साहेब फुरका मारून म्हणे, "देवाजी, आजचा चहा फर्स्टक्लास!"

मी माझा कप मागच्या मागं रेतीत सांडला.

साहेबानं दुसरा कप मागितला.

*

अंघोळीचं मात्र मले बम वेड होतं. कॅम्पात सगळ्यात साफ मी! सुखदेवले येता-जाता टोमणे मारो, "काबे, एका बादलीत माणूस धुऊन निघते का?" तो एकच बादली घे, अन् नदी सोडून दूर झाडाखाली जाऊन अंघोळ करे. दहावी शिकलेला, सकाळी तंबूतून निघाला की "जय भीम दौलतभाऊ" म्हणे. मी कधी उत्तर दे, कधी नाई.

एक दिवस अंघोळ करताना मी टॉवेल बाजूच्या वेलावर टाकला. अंग पुसलं. पाठ पुसली, मान पुसली, जिथी जिथी पुसाचं तिथी सगळीकडं रगडून पुसलं. अन् पेटलो ना बापा! उड्या मारतो, रेतीत लोळतो, बोंबलतो.

"सुखदेव! माझ्या टॉवेलले काय लावलं बे तू?"

तो धावत आला तशी त्याच्या कानाखाली ठेवून देली. गाल धरून तो वेलाकडं पाहते. वेलाले भुरकट, केसाळ शेंगा लोंबत होत्या.

"भाऊ," तो म्हणे, "टॉवेल खाजकुयलीवर वाळू घातला तुम्ही."

मंग तोच पाड्यातून घमेलंभर ताजं शेण घेऊन आला. खाजकुयलीले दुसरा इलाज नाई. ज्या हातानं गाल धरला होता, त्याच हातानं त्यानं मले डोक्श्यापासून टाचेपर्यंत सारवलं. कॅम्पातला सगळ्यात साफ माणूस आंगणावानी सारवून उन्हात उभा!

साहेब बाहेर आले. म्हणे, "हे काय चाललंय?"

सुखदेव म्हणे, "काही नाई जी. दौलतभाऊची अंघोळ झाली."

मारल्याचं त्यानं साहेबाले सांगितलं नाई. माफी मांगाले तं माझी जीभ वळली नाई.

*

आता ते झिऱ्याचं.

मी अंघोळ कुठी करो, कपडे कुठी धुवो? तंबूपाशी, म्हंजे झिऱ्याच्या वरच्या अंगाले. सकाळचा डब्बाबी त्याच काठाले. सोपं पडे. एक दिवस पाड्यातली जुरीबाई आली. म्हातारी, डोक्श्यावर पाण्याची गुंडी. मोडक्या मराठीत म्हणे, "दादा, वर धू नको. खाली धू. आम्ही पेतो."

मी फेसातूनच ओरडलो, "नदी का तुझ्या बापाची हाये?"

ती गुंडी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बाया खाली, अजून दूर, नवा झिरा खंदत होत्या.

सुखदेव म्हणे, "भाऊ, पाणी वरून खाली जाते. याले शिकाची गरज नाई."

"तू मले शिकवतं का बे?"

"माझ्या बापाले गावच्या तळ्यावर चढू देत नव्हते," तो म्हणे. "म्हणून मले पाण्याचं समजते."

तवा तरी मी चूप बसाले पायजे होतं. मी म्हणलं, "जा, साखळी पूस."

*

आठ दिवसानं पाड्यात हगवण लागली. आमचं पाणी देवाजी उकळत होता, आम्हाले काही झालं नाई. साहेब मले विचारते, "काय रे, कशानं झालं असेल?"

म्हणलं, "साहेब, या लोकाहिले साफ राहाचं समजतच नाई."

सुखदेव माझ्याकडं पाहत राह्यला. साहेबानं खोक्यातून लाल साबणाच्या चार वड्या काढल्या, मी वापरो त्याच. म्हणे, "दौलत, तू टापटीप माणूस आहेस. जा, त्यांना स्वच्छता शिकवून ये. म्हणावं, हात धूत जा."

गेलो मी. छाती काढून गेलो.

पाड्यात शिरलो तं आंगण आरशावानी सारवलेलं. लाकडं एका मापानं रचलेली. गुंड्या राखेनं घासून पालथ्या घातलेल्या. कुठी कागदाचा कपटा नाई. जुरीबाईचा बुढा घरात खाटेवर पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. तिसरा दिवस होता त्याच्या हगवणीचा. चार माणसं बाहेर दुसरी खाट बांबूले बांधून राह्यले होते, त्याले दवाखान्यात न्याले. दवाखाना एक दिवसाची वाट. पोचते की नाई, भरोसा नव्हता.

जुरीबाईनं मले पाहलं. मले वाटलं, आता शिव्या देते. तिनं दारातच माझे पाय धुवाले पाणी ठेवलं. पाय धुतल्याबिगर त्याहिच्या घरात कोणी जात नाई. मंग खाली पाट टाकला.

वड्या हातातच होत्या.

घरात पाणी थोडं होतं. भोपळ्याचा तुंबा तिरपा करून तिनं मोहाच्या पानाचा द्रोण भरला. बुढ्याले नाई देला, मले देला. पाहुणा ना मी!

"पे, दादा."

द्रोण तोंडाशी नेला. पाण्याले साबणाचा वास येत होता.

मी हातातल्या वड्या नाकाशी नेऊन पाहल्या. वास तोच. खाटेवरून बुढा पाहून राह्यला होता. बाहेर माणसं दोरीच्या गाठी मारत होते.

पेलो. शेवटच्या थेंबापर्यंत पेलो.

जुरीबाईनं द्रोण परत भरला.